न पुसलेली रेघ

दिवाळीपूर्वी माळ्यावरचे सामान खाली उतरवायचे, झाडूनपुसून पुन्हा वर चढवायचे, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता आहे. त्यातले निम्मे सामान कशासाठी ठेवले आहे हे आता कोणालाच आठवत नाही. परंतु ते टाकून देण्याचा अधिकार आपला नव्हे, अशी प्रत्येकाची समजूत असल्याने ते वर्षानुवर्षे वरखाली होत राहते. गेल्या वर्षी त्यातून एक पत्र्याचा डबा निघाला आणि डब्यातून किल्ल्यांचा एक थोरला जुडगा. सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, या किल्ल्या कुठल्या कुलपांच्या?" मी जुडगा हातात घेतला आणि उत्तर देण्याऐवजी पंचावन्न वर्षे मागे निघून गेलो.

माझे आजोबा नाशिकला पंचवटीत एका धर्मशाळेची व्यवस्था पाहत. सतरा खोल्या होत्या. प्रत्येक खोलीच्या दाराशी एक दगडी पाटी टांगलेली असे. खोलीत जो कोणी उतरेल त्याने पाटीवर खडूची एक रेघ ओढायची आणि मुक्काम हलवताना एक रेघ पुसायची. पाटी कोरी झाली की आजोबा ती खोली खुशाल दुसऱ्याला देत. आत डोकावून पाहण्याची त्यांना गरज वाटत नसे. "माणसं मोजत बसलो तर नामस्मरण कधी करू? रेघा मोजाव्यात," असे ते म्हणत.

परंतु माणसे विसरतात. सिंहस्थाचे वर्ष होते. ओसरीवर, अंगणात, जिन्याखाली माणसे निजलेली, आणि सात नंबरच्या खोलीला मात्र कुलूप. पाटीवर एकच रेघ. आजोबा दोन दिवस त्या रेघेला मान देत राहिले. तिसऱ्या दिवशी जुडग्यातली आपली किल्ली लावून त्यांनी दार उघडले, तर आत चिटपाखरू नव्हते. कोणी गृहस्थ पहाटेची गाडी गाठण्याच्या घाईत, रेघ न पुसता, किल्ली खिशात घालूनच चालता झाला होता. भर सिंहस्थात खोली रिकामी राहिली, आणि बाहेर लेकुरवाळ्या बायका उघड्यावर निजल्या. आजोबांना ती गोष्ट पुढे कित्येक वर्षे लागून राहिली होती.

मी पुढे संगणकाच्या धंद्यात पडलो, तीस वर्षे त्यात काढली आणि निवृत्त झालो. त्या तीस वर्षांत ही सात नंबरची खोली मला पुष्कळदा भेटली. ती कशी, आणि अशाच एका न पुसलेल्या रेघेने २०१६ साली संगणकांच्या राखणदारांची झोप कशी उडवली, हे या दिवाळीच्या निमित्ताने सांगावे असे मनात आहे. संगणकाशी ज्यांचा परिचय नाही अशा वाचकांनी बिचकण्याचे कारण नाही. धर्मशाळा तेवढी ध्यानात ठेवली म्हणजे पुरे.

*

संगणकाच्या 'मेमरी'ला आपण स्मृती म्हणतो. पण हा शब्द थोडा फसवा आहे. ती आठवण नसून जागा आहे. एकामागून एक नंबर घातलेल्या असंख्य लहान खोल्यांची एक प्रचंड धर्मशाळाच म्हणा ना. संगणकावर चालणारा प्रत्येक प्रोग्राम काम करताना तिथे जागा मागतो, आपले सामान ठेवतो आणि काम झाले की जागा परत करतो, निदान त्याने ती करावी अशी अपेक्षा असते. मागितलेली जागा परत करायची राहून गेली, की तिला 'गळती' म्हणतात. वास्तविक यात काही गळून जात नाही. जागा जागच्या जागीच असते. फक्त ती कोणाच्याच कामाची उरत नाही. सात नंबरची खोली!

परत करायचे कोणी, हा प्रश्न जुना आहे. त्याची दोन मोठी उत्तरे १९६० या एकाच साली, एकाच अमेरिकन मासिकात छापली गेली. एप्रिलच्या अंकात जॉन मॅकार्थी या गणितज्ञाने आपल्या लिस्प या भाषेची मांडणी केली. त्याचे म्हणणे असे की, प्रोग्रामने परत करण्याच्या भानगडीत पडूच नये. जागा संपत आली की यंत्राने क्षणभर काम थांबवावे, ज्या ज्या वस्तूंपर्यंत प्रोग्राम अजून पोचू शकतो त्यांवर खूण करावी आणि ज्यांवर खूण नाही त्या जागा सरसकट मोकळ्या कराव्यात. थोडक्यात, घरच्यांनी हवा तेवढा पसारा करावा आणि अधूनमधून केर काढणारीने येऊन घर स्वच्छ करावे.

डिसेंबरच्या अंकात जॉर्ज कॉलिन्स याने दुसरा मार्ग सुचवला. प्रत्येक वस्तूपाशी एक आकडा ठेवावा: ही वस्तू या घटकेला किती ठिकाणांहून वापरली जात आहे? नवा वापर सुरू झाला की आकडा एकाने वाढवावा, वापर संपला की एकाने उतरवावा. शून्य झाला की जागा मोकळी. हा लेख मी प्रथम वाचला तेव्हा मोठ्याने हसलो. ही तर आजोबांची पाटी!

दोन्ही मार्गांना आपापली किंमत आहे. पहिल्यात केर निघेपर्यंत सगळ्यांना पाय वर घेऊन बसावे लागते. दुसऱ्यात कोणी खोळंबत नाही, पण तो प्रत्येकाच्या प्रामाणिकपणावर, किंबहुना प्रत्येकाच्या स्मरणशक्तीवर, उभा आहे.

त्यानंतरच्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम रचली. तिचा आरंभ १९६९ चा. रिचीने सी ही भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा त्या भाषेत नव्याने लिहिला गेला. सी भाषेत केर काढणारी बाई नाही. यंत्रे तेव्हा लहान होती, जागा थोडी होती आणि क्षण न् क्षण मोलाचा होता. म्हणून त्या भाषेने लेखकाला सांगितले, "बाबा रे, मागितलेस तू, तर परतही तूच कर. मी तुझ्या मागे मागे फिरणार नाही." हा करार पाळण्यात सगळ्या जगाची पन्नास वर्षे गेली आहेत, आणि तो पुरता पाळला गेला असे कोणीही म्हणू शकणार नाही.

मी तर मुळीच म्हणू शकणार नाही. नव्वदीच्या दशकात एका संस्थेसाठी मी हिशेबाचा एक प्रोग्राम लिहिला होता. काही महिन्यांनी तिथल्या कारकुनांत एक रिवाज पडला: शनिवारी दुपारी यंत्र बंद करायचे, चहा प्यायचा आणि पुन्हा सुरू करायचे. तसे न केले तर सोमवारी ते इतके मंद चाले की पावती फाडायला पाच मिनिटे लागत. त्यांनी या विधीला 'शनीची शांत' असे नाव दिले होते! वर्षभराने मी सहज गेलो असता हे ऐकले आणि माझा चेहरा उतरला. त्यात शनीचा काही दोष नव्हता. खातेदाराचे नाव सापडले नाही तर पडद्यावर तसे सांगून परतायचे, या वाटेवर मी घेतलेली जागा परत करायला विसरलो होतो. नाव सापडले की सारे ठीक; न सापडले की एक रेघ तशीच. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढे ती उपयोगी पडणार आहे. गळती राजरस्त्यावर क्वचितच होते. ती होते ती आडवाटेवर. जिथे काही बिनसले, काम अर्ध्यावर सोडून मागे फिरावे लागले, अशा ठिकाणी. राजरस्ता प्रत्येक जण दहादा चालून पाहतो. आडवाटेने कोण जातो?

माझ्या चुकीने पावत्या खोळंबल्या, एवढ्यावर भागले. लंडनची गोष्ट निराळी. तिथल्या रुग्णवाहिका सेवेने १९९२ च्या ऑक्टोबरात गाड्या पाठवण्याचे काम संगणकाकडे दिले. पहिल्याच दोन दिवसांत निराळ्याच कारणांनी गोंधळ उडाला, म्हणून काही काम पुन्हा हाताने होऊ लागले. मग ४ नोव्हेंबरच्या पहाटे उरलेली यंत्रणाही बंद पडली. चौकशीत निघाले ते असे: प्रत्येक वेळी गाडी रवाना झाली की प्रोग्राम थोडीशी जागा घेई आणि परत करीत नसे. सुमारे तीन आठवडे ती जागा थोडी थोडी भरत गेली, आणि एका पहाटे धर्मशाळेत एकही खोली उरली नाही. गळतीचा स्वभाव हा असा आहे. ती आज दुखत नाही, उद्या दुखत नाही, आणि ज्या दिवशी दुखते त्या दिवशी मूळ चूक करणारा माणूस कुठल्या कुठे गेलेला असतो.

*

आता गाभ्याकडे वळू. ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी आतल्या भागाला इंग्रजीत कर्नेल म्हणतात. लष्करातला तो कर्नल. हा दाण्याच्या आतला गर. देवळात जसा गाभारा, तसा यंत्रात हा गाभा. बाहेरच्या मंडपात शेकडो प्रोग्राम ये-जा करीत असतात. पण स्मृती कोणाला किती द्यायची, कोणती फाईल कोणी उघडायची, हे ठरवण्याचा अधिकार गाभ्याचा. बाहेरच्या प्रोग्रामने गळती केली तर त्याला बंद करता येते. बंद होताना त्याने अडवलेली सारी जागा गाभा काढून घेतो. पण गाभाच गळू लागला तर? त्याच्या वर कोणी नाही. आख्खे यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे एवढाच उपाय राहतो.

लिनक्स हा असाच एक गाभा. फिनलंडमधील हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्टमध्ये त्याची वार्ता जगाला दिली आणि त्याची सारी लिखित संहिता कोणीही वाचावी, कोणीही सुधारावी अशी खुली ठेवली. आज मोठमोठ्या संगणककेंद्रांत तो चालतो. इतकेच नव्हे, तर वाचकांपैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन असेल, त्यांच्या खिशातही तोच आहे.

जसा व्याप वाढला तशी राखणीची गरज वाढली. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० च्या डिसेंबरात एसईलिनक्स नावाचा एक कडक पहारेकरी तयार करून खुला केला. पुढच्या वर्षी गाभ्याच्या कारागिरांची बैठक भरली तेव्हा तो त्यांच्यापुढे आला. एकाच पहारेकऱ्याला कायमचे घरजावई करून घेण्यास टोरवाल्ड्स तयार नव्हते. त्यांनी सांगितले की, दारादाराशी पहारेकऱ्यासाठी चौकी तेवढी बांधून ठेवू; तिथे कोणाचा पहारेकरी बसवायचा ते ज्याचे त्याने ठरवावे. त्या चौक्या आणि एसईलिनक्स, दोन्ही २००३ अखेरच्या २.६ या आवृत्तीत आले. एका वर्षाने, २००४ च्या डिसेंबरात, डेव्हिड हॉवेल्स यांनी तयार केलेली आणखी एक सोय गाभ्यात आली. पासवर्ड, कूटलिपी उलगडण्याच्या गुप्त संख्या, दूरच्या यंत्राला दाखवायचे परवाने, असा सगळा नाजूक ऐवज गाभ्याच्या ताब्यात ठेवण्याची ही सोय. ती करणाऱ्यांनी तिला नाव काय दिले असेल? 'की-रिंग'. म्हणजे आपला किल्ल्यांचा जुडगा!

प्रत्येक जुडग्यापाशी कॉलिन्सच्या पद्धतीची पाटी टांगलेली असे. तो या घटकेला कितीजण वापरीत आहेत, तितक्या रेघा.

*

फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्सची ३.८ ही आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात जुडग्यांच्या व्यवस्थेत काही सुधारणा केल्या होत्या. सुधारणा चांगल्या होत्या. पण एका आडवाटेवर एक रेघ पुसायची राहिली.

प्रकार असा होता. एखादा प्रोग्राम गाभ्याला म्हणतो, "अमुक नावाचा जुडगा मला द्या." गाभा तो शोधून काढतो आणि शोधताक्षणी पाटीवर एक रेघ ओढतो, कारण मधल्या वेळात तो दुसऱ्या कोणी मोडीत काढू नये. मग तो पाहतो, तर हाच जुडगा या प्रोग्रामजवळ आधीपासूनच आहे. "अरे, हा तर तुझ्यापाशीच आहे," असे म्हणून गाभा मागे फिरतो. मागे फिरताना आत्ताच ओढलेली रेघ पुसायला हवी होती. ती पुसली जात नव्हती. आपल्याच हातातला जुडगा पुन्हा मागायला सरळ माणूस कशाला येईल? म्हणून ही आडवाट जवळजवळ तीन वर्षे कोणाच्या डोळ्यांत आली नाही.

बरे, आली असती तरी काय बिघडले, असे कोणी विचारील. एक जुडगा वेळेवर मोडीत निघाला नाही, थोडी जागा अडून राहिली. सात नंबरची खोली, दुसरे काय? पण इथे गोष्टीला वळण लागते.

राजाने बुद्धिबळाच्या पटावर दाणे मोजून देण्याचे कबूल केले, ती कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असे दुप्पट करीत जायचे. पट पुरा भरेपर्यंत राजाची कोठारे संपली. आपण अर्ध्या पटावरच थांबू. पहिल्या ३२ घरांतले सगळे दाणे मिळून ४,२९,४९,६७,२९५ होतात. म्हणजे ४ अब्ज २९ कोटींच्या वर. आता गंमत पाहा: जुडग्याच्या पाटीवरचा आकडा यंत्रात ३२ घरांत लिहिलेला असे, आणि त्या ३२ घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या नेमकी हीच! त्यावर आणखी एक रेघ ओढली तर काय होते? विजेच्या जुन्या मीटरवर ९९९९९ नंतर जे होते तेच. सगळी चाके एकदम फिरतात आणि आकडा शून्यावर येतो.

पाटी कोरी झाली! खोलीत माणसे असताना पाटी कोरी झाली.

आजोबांच्या धर्मशाळेत असे एकदा घडले होते. श्रावणातल्या झडीच्या पावसात चार नंबरची पाटी धुऊन निघाली. कोरी पाटी पाहून आजोबांनी ती खोली वऱ्हाडातल्या एका कुटुंबाला दिली. पहिला उतारू त्र्यंबकेश्वराला गेला होता. तो रात्री उशिरा परतला, खिशातली किल्ली लावून त्याने दार उघडले आणि अंधारात स्वतःचे समजून दुसऱ्याचे बोचके उचलले. एकच ओरडा झाला. सकाळी आजोबा मला म्हणाले, "किल्ली खरी, खोली खरी, माणूसही खरा. फक्त खोलीतलं बिऱ्हाड बदललं होतं, आणि ते त्याला ठाऊक नव्हतं."

गाभ्यात नेमके हेच करता येत होते, आणि तेही जाणूनबुजून. कपटी प्रोग्रामने स्वतःचाच जुडगा पुन्हा पुन्हा मागत राहायचे. प्रत्येक फेरीला एक रेघ शिल्लक. मग ४ अब्ज २९ कोटींच्या आसपास फेऱ्या झाल्या की आकडा शून्य. 'आता हा कोणीच वापरीत नाही' अशा समजुतीने गाभा ती जागा मोकळी करतो. पण कपटी प्रोग्रामच्या हातात जुन्या खोलीची किल्ली तशीच असते. लगोलग तो त्या मोकळ्या जागी आपल्या मर्जीचा मजकूर भरतो. गाभा मात्र त्या जागेला अजून जुडगाच समजतो आणि तिथे लिहिलेल्या सूचना मुकाट्याने पाळतो. गाभ्याने सूचना पाळल्या म्हणजे सर्वाधिकार मिळाले. मंडपातला उपरा गाभाऱ्यात जाऊन बसला.

ही चूक पर्सेप्शन पॉइंट या इस्रायली कंपनीच्या लोकांनी शोधून काढली आणि जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केली. सव्वाचार अब्जांहून अधिक फेऱ्या ऐकून वाटेल की याला जन्म लागेल. त्यांनी एका साध्या मांडीवरच्या संगणकाच्या प्रोसेसरवर करून पाहिले: अर्धा तास लागला. म्हणजे सेकंदाला सुमारे २४ लाख रेघा! आपल्या दृष्टीने अशक्य असलेला आकडा यंत्राच्या दृष्टीने दुपारच्या डुलकीएवढा असतो, हे त्या दिवशी पुष्कळांच्या ध्यानात आले.

धोका किती मोठा होता याविषयी मतभेद झाले. अँड्रॉइडच्या दोन-तृतीयांश उपकरणांना तो आहे, असा त्या कंपनीचा अंदाज होता. गूगलचे म्हणणे होते की आकडा त्याहून पुष्कळ कमी आहे. शिवाय हल्ला करणाऱ्याला आधी त्या यंत्रावर आपला प्रोग्राम चालवता आला पाहिजे. दूर बसून हे साधणारे नव्हते. नव्या प्रोसेसरांतल्या काही सोयी आणि फोनवर बसवलेला एसईलिनक्सचा पहारा यांमुळे काम अवघड होई, हे शोधणाऱ्यांनीही मान्य केले. या चुकीचा कोणी प्रत्यक्ष गैरफायदा घेतल्याचे तोवर त्यांच्या पाहण्यात आले नव्हते. तेव्हा घर लुटले गेले असे नव्हे. तिजोरीच्या खोलीची खिडकी तीन वर्षे उघडी होती, एवढेच. पण ज्याने कधी उघडी खिडकी सकाळी पाहिली आहे, त्याला त्या 'एवढेच'चा अर्थ कळेल.

*

दुरुस्ती किती मोठी होती? एका ओळीची. आडवाटेवरून मागे फिरण्याआधी 'की-पुट' ही एक आज्ञा घातली गेली. या शब्दांचा सरळ अर्थ 'किल्ली ठेव'. आजोबा जाणाऱ्या प्रत्येक उतारूला ओसरीवरून ओरडून जे सांगत, तेच. मी ती ओळ पाहिली तेव्हा बराच वेळ पाहत राहिलो.

आता तुम्ही म्हणाल, अशा चुका आपोआप शोधणारे काही साधन नाही काय? आहे, आणि ते नामी आहे. २००९ साली लिनक्समध्ये कॅटलिन मरिनास यांनी रचलेले केमेमलीक नावाचे साधन आले. कारागीर ते आपल्या चाचणीच्या यंत्रांवर सुरू करून ठेवतात. एरवी दर दहा मिनिटांनी ते सारी स्मृती चाळते, आणि जिच्यापर्यंत जाण्याची कोणतीही वाट उरलेली नाही अशी जागा दिसली की तिची नोंद करते. मॅकार्थीची केर काढणारी बाईच ती, फक्त ती केर उचलत नाही, बोट दाखवते: "इथे आहे हो!" पहारेकऱ्यांच्या चौक्यांतल्याही कित्येक गळत्या अशा साधनांनी उघडकीस आणल्या आहेत. आडवाटेवर घेतलेली जागा, ती परत न करता मागे फिरणे, मग एक ओळ घालून दुरुस्ती: गाभ्याच्या इतिहासात अशा लहान लहान दुरुस्त्यांची रास आहे, आणि त्या करणाऱ्यांचे पोवाडे कोणी गात नाही.

परंतु जुडग्याची चूक या साधनाला दिसणारी नव्हती. जुडगा हरवलेला नव्हताच. तो मालकाच्या हातात होता, त्याच्याकडे जाणारी वाट शाबूत होती. खोटा होता तो पाटीवरचा आकडा. केर काढणारीला खोलीत माणूस दिसतो. माणूस एक आणि रेघा दोन हे तिला कसे दिसणार?

तेव्हा पाटीच सुधारायची, असे ठरले. त्या दिशेने पॅक्स नावाच्या एका प्रकल्पाने पूर्वीच वाट दाखवली होती. २०१७ मध्ये लिनक्सच्या ४.११ या आवृत्तीत मोजणीसाठी एक नवा आकडा आला आणि जुन्या पाट्यांच्या जागी तो हळूहळू बसवला जाऊ लागला. त्याचा गुण असा की, तो वाढत वाढत शिगेला पोचला की पुन्हा शून्यावर येत नाही. तिथेच थिजतो. मग कोणी कितीही रेघा ओढा वा पुसा, तो हलत नाही. गाभा एक इशारा लिहून ठेवतो आणि ती जागा यंत्र बंद होईपर्यंत कधीच मोकळी करीत नाही.

कधीच मोकळी करीत नाही! म्हणजे काय? म्हणजे गळतीच की. ज्या गळतीवर उपाय शोधायला निघालो, तीच शेवटी उपाय म्हणून पत्करली. मला या सबंध इतिहासातली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. पाटीवर विश्वास ठेवता येईनासा झाला, तर खोली कुलूपबंद राहू द्यावी. एक खोली वाया जाईल, जाऊ दे. पण माणूस आत असताना ती दुसऱ्याला द्यायची नाही. नासाडी आणि दगा यांतून निवड करायची वेळ आली, तर नासाडी निवडावी.

आणि विसराळूपणाचे काय? पन्नास वर्षे 'नीट लक्ष ठेवा' असे एकमेकांना बजावून झाल्यावर आता कारागीर निराळ्या मार्गाने चालले आहेत. २०२२ अखेरच्या आवृत्तीपासून गाभ्याचा काही भाग रस्ट या भाषेत लिहिण्याची मुभा झाली. तिच्यात एखाद्या वस्तूचा मुक्काम संपला की सामान्यतः जागा आपोआप परत होते. २०२३ मध्ये सी भाषेतल्या लेखनासाठीही तशीच एक सोय गाभ्यात आली: जागा घेतानाच सांगून ठेवायचे की, या खोलीतून मी कोणत्याही वाटेने बाहेर पडलो, राजरस्त्याने वा आडवाटेने, तरी माझी रेघ पुसली जावी. जुन्या लक्षावधी ओळी अजून जुन्याच रीतीने लिहिलेल्या आहेत, आणि त्या बदलायला वेळ लागेल. पण माणूस विसरणार हे धरून चालायचे आणि त्याच्या विसरण्याने दुसऱ्याचे नुकसान होणार नाही अशी रचना करायची, ही समज मला विलक्षण वाटते. तरुणपणी मीही हाताखालच्या पोरांना विसरल्याबद्दल रागे भरत असे. शनीची शांत मात्र मी त्यांना कधी सांगितली नाही. सांगायला हवी होती.

*

जुडग्याचे काय झाले ते सांगायचे राहिले. आजोबांनी व्यवस्था सोडली तेव्हा नव्या माणसाला त्यांनी हिशेबाच्या वह्या दिल्या, भांडी मोजून दिली. हा जुडगा मात्र त्यांच्या कोटाच्या खिशात घरी आला असावा. घेतलेली किल्ली ठेव, असे जन्मभर इतरांना सांगणारा माणूस निघताना स्वतःच विसरला होता. तीही एक आडवाटच. जाण्याच्या दिवशीचा सराव कोणाला असतो?

दसऱ्यानंतर मी आणि सौभाग्यवती नाशिकला गेलो. धर्मशाळेचे नाव तेच आहे. इमारत नवी झाली, कुलपे नवी झाली. कचेरीतल्या तरुणाने जुडगा हातात घेतला, खुळखुळवला आणि हसून म्हणाला, "काका, आता याचा काही उपयोग नाही हो. उगीच आलात इतक्या लांब."

मी म्हटले, "उपयोग नसू दे. तू आपला वहीत लिही."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिले, वही उघडली, आजची तारीख घातली आणि लिहिले: सतरा किल्ल्या, परत आल्या.